मूल वाचणार नसतं तेव्हा: डॉक्टरला काय शिकवायला हवं

बालरोग विभागात नव्याने आलेल्या डॉक्टरला पहिल्यांदा लंबर पंक्चर करायचं असेल, म्हणजे बाळाच्या पाठीतून सुई घालून पाणी काढायचं असेल, तर त्याची एक रीत ठरलेली आहे. आधी तो दुसऱ्याला करताना बघतो. मग सिनिअर शेजारी उभा राहतो, सुई कुठे टेकवायची ते बोटाने दाखवतो, आणि हात थरथरला तर सुई स्वतःकडे घेतो. लॉगबुकात नोंद होते, खाली सही होते, आणि त्यानंतरच त्याला एकट्याला हे काम करू देतात. त्याच डॉक्टरवर रात्रपाळीत वेगळीच वेळ येते. चार वर्षांच्या मुलीचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, उलटला आहे, औषधं लागू पडत नाहीत, ती आता फार दिवस काढणार नाही, हे तिच्या आईवडिलांना सांगायचं असतं. या वेळी शेजारी कुणी नसतं. असं बोलणं कुणी करताना त्याने धडपणे पाहिलेलंही नसतं. वॉर्डबाहेरच्या पॅसेजमध्ये, उभ्याउभ्या, खिशातला फोन वाजत असताना तो सुचेल ते बोलतो. लॉगबुकात या कामासाठी रकानाच नसतो.

यात बदल झाला पाहिजे. मरणाच्या वाटेवर असलेल्या मुलाची काळजी हे शिकवण्याचं, सराव करून घेण्याचं आणि परीक्षेत विचारण्याचं काम आहे. आणि ते शिकवताना ‘सहानुभूती बाळगा’ या व्याख्यानाने सुरुवात करू नये. बालरोगशास्त्र निवडणाऱ्या तरुण मुलामुलींजवळ कणव असतेच, ती नसती तर ते या शाखेकडे फिरकले नसते. त्यांना तोकडं पडतं ते ज्ञान, सराव आणि वरिष्ठांची सोबत. मूल तळमळत असताना औषधाचा डोस किती, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या कणवेचा त्या मुलाला उपयोग नाही. असा डॉक्टर हळूहळू त्या खाटेकडे जायचंच टाळू लागतो. बाहेरच्याला तो कोरडेपणा वाटतो. पुष्कळदा तो निव्वळ असहायपणा असतो.

म्हणून पहिला धडा वेदनेचा. अमेरिकेत बॉस्टनमध्ये कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या १०३ पालकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जोआन वूल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. शेवटच्या महिन्यात निदान एका तरी लक्षणाचा मुलाला खूप किंवा अतोनात त्रास झाला, असं ८९ टक्के पालकांनी सांगितलं. वेदनेवर उपचार झाले त्यांच्यापैकी आराम पडला तो फक्त २७ टक्क्यांना, आणि धाप लागण्यावर उपचार झाले त्यांच्यापैकी १६ टक्क्यांना. हे जगातल्या उत्तमोत्तम इस्पितळांपैकी एका ठिकाणचं चित्र, जिथे औषधांची वाण नव्हती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती मला आकड्यांहून महत्त्वाची वाटते: शेवटच्या काळात डॉक्टरने मनापासून लक्ष घातलं नाही असं ज्या पालकांना वाटलं, त्यांच्या मुलांना वेदनाही अधिक सोसाव्या लागल्या होत्या. डॉक्टर खाटेपासून लांब राहिला की वेदनेचं मोजमापच थांबतं, आणि जे मोजलं जात नाही त्यावर औषध कोण वाढवणार?

मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाची भीती या सगळ्याच्या मुळाशी आहे. तरुण डॉक्टरच्या मनात मॉर्फिन म्हणजे श्वास बंद पाडणारं औषध, अगदी शेवटी ‘सुटका’ म्हणून द्यायचं औषध, अशी समजूत घट्ट बसलेली असते. ती उपदेशाने जात नाही, हाताने औषध देऊन, परिणाम डोळ्यांनी पाहून जाते. वजनानुसार सुरुवातीचा डोस कसा काढायचा, ठराविक तासांनी नियमित औषध कसं चालू ठेवायचं, मधेच कळ उठली तर वरचा डोस किती, दिवसभरात असे किती डोस लागले ते पाहून दुसऱ्या दिवशी मूळ डोस कसा वाढवायचा, बद्धकोष्ठ होणारच म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक कसं जोडायचं, शीर सापडेनाशी झाली की त्वचेखालून किंवा गालाच्या आतून औषध कसं द्यायचं. वेदनेच्या औषधासाठी मुलाच्या दंडात सुई टोचायची नाही, कारण मग मूल सुईच्या धास्तीने वेदनाच लपवू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या वेदनेसाठी दोन पायऱ्यांची पद्धत मांडली आणि कोडीनसारख्या सौम्य ओपिऑइडची (मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकाची) मधली पायरी काढून टाकली. कोडीनचं मॉर्फिनमध्ये रूपांतर शरीरातच व्हावं लागतं, आणि ते प्रत्येक मुलात सारखं होत नाही. कुणाला काहीच आराम मिळत नाही, कुणाला एकदम जास्त औषध मिळतं. असल्या गोष्टी पाठ करून भागत नाही. डोस मोजून दिल्यावर अर्ध्या तासाने त्याच खाटेपाशी परत जायचं, मूल झोपलं का, श्वास किती, कपाळावरची आठी गेली का हे बघायचं. एकदा हे घडताना पाहिलं की भीती सुटते.

मुलांच्या वेदनेबाबत वैद्यकाचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवं. नवजात बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला दुखत नाही, या समजुतीपोटी १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी बाळांच्या शस्त्रक्रिया नाममात्र भुलीवर उरकल्या जात. कनवलजीत आनंद यांनी आपल्या संशोधनातून ही समजूत खोडून काढली. पॉल हिकी यांच्यासोबतचा त्यांचा १९८७ चा लेख त्यातला मैलाचा दगड ठरला. शिकलेसवरलेले, प्रामाणिक डॉक्टर पिढ्यान् पिढ्या चुकीचं शिकले आणि बाळांनी ते सोसलं. शिकवण्यात काय आहे आणि काय नाही, यावर मुलांचे हाल अवलंबून असतात, याचा याहून ठळक पुरावा सापडणार नाही.

‘मरणारं मूल’ म्हटलं की डोळ्यांसमोर कॅन्सरचं मूल उभं राहतं. प्रत्यक्षात असाध्य आजाराच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंगं, मेंदूचे आणि चेतासंस्थेचे आजार, स्नायू झिजवणारे विकार यांचा वाटा मोठा आहे. यातली पुष्कळ मुलं बोलू शकत नाहीत. ‘कुठे दुखतंय, दहापैकी किती?’ हा प्रश्न तिथे निरुपयोगी. चेहरा, पायांची हालचाल, एकूण चुळबुळ, रडणं, आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींवरून वेदनेचा अंदाज घेण्याची पद्धत आहे, ती प्रत्येक रेसिडेंटला, म्हणजे वॉर्डात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरला, यायला हवी. पण त्याहीपेक्षा आईला विचारता यायला हवं. याला दुखतं तेव्हा हा काय करतो? एखादं मूल दुखलं की रडत नाही, मुकाट पडून राहतं. एखादं हसल्यासारखं तोंड करतं. हे केसपेपरवर नसतं, आईला माहीत असतं. वर्षानुवर्षं ते मूल सांभाळलेल्या माणसाकडून शिकायचं असतं, हेही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

आणि नवजात बाळं. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी जगभरात जवळजवळ निम्मे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात होतात. म्हणजे तरुण डॉक्टरला मृत्यू भेटतो तो बहुधा नवजात अतिदक्षता विभागात, मॉनिटरच्या आवाजात. तिथे शिकवायच्या गोष्टी वेगळ्या. व्हेंटिलेटर काढायचा ठरलं तर तो कसा काढायचा, त्याआधी कोणतं औषध द्यायचं, बाळाला आईच्या कुशीत कधी ठेवायचं, नळ्या आणि चिकटपट्ट्या काढून त्याचा चेहरा तिला कसा दिसू द्यायचा. बाळाचं नाव ठेवलंय का हे विचारून पुढे त्याच नावाने बोलायचं. पावलांचे ठसे, फोटो हवेत का, हे हळुवारपणे विचारायचं. नको म्हणाले तर आग्रह नाही. ही कामं उत्तम जाणणारी माणसं त्या विभागात बहुतेक वेळा असतातच, फक्त त्यांच्या अंगावर पांढरा कोट नसतो. अनुभवी परिचारिकेला या विषयाची शिक्षक म्हणून औपचारिक मान आणि तास दिले, तर निम्मं प्रशिक्षण नव्या खर्चाशिवाय उभं राहील.

शेवटचे काही तास कसे असतात, हे तर जवळपास कुणीच सांगत नाही. हातपाय गार पडतात, त्वचेवर जाळीदार डाग उमटतात, श्वास लांबतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात साचलेल्या स्रावांची घरघर ऐकून आईवडिलांचा जीव घाबरा होतो. मुलाला त्या वेळी शुद्ध नसेल तर त्याचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवणं, सलाइन कमी करणं याने घरघर कमी होते. नळी घालून वारंवार खोलवर ओढत बसल्याने मुलाला उगाच इजा होते. ज्या डॉक्टरला हे ठाऊक आहे तो आईवडिलांना आधीच सांगून ठेवतो: आता असं असं होईल, घाबरू नका, त्यातलं कशाने त्याला त्रास होतोय असं वाटलं तर मला लगेच हाक मारा. ज्याला ठाऊक नाही, तो ती घरघर ऐकून स्वतःच घाबरतो, मग रक्त तपासायला पाठवतो, सक्शन लावतो, शेवटच्या तासात मुलाच्या छातीवर दाब देऊ लागतो, कारण एवढंच त्याला शिकवलेलं असतं.

आता बोलण्याविषयी. वूल्फ यांच्याच गटाने त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मूल बरं होण्याची शक्यता उरलेली नाही, हे डॉक्टरांच्या नोंदींत मृत्यूच्या सरासरी २०६ दिवस आधी दिसत होतं, तर पालकांना ते सरासरी १०६ दिवस आधी उमगलं. मधले शंभर दिवस! त्या दिवसांत घरी न्यायचं की नाही, कोणता उपचार आता पुरे, आजीला भेटायला बोलवायचं का, शाळेतल्या मित्रांना आणायचं का, हे सगळं ठरवता आलं असतं. डॉक्टर खोटं बोलले म्हणून हे दिवस वाया गेले, असं मी म्हणणार नाही. सांगितलं गेलं असेलही, पण समजलं का हे तपासलं गेलं नाही. सांगणं आणि समजणं यांतलं अंतर भरून काढणं हे कौशल्य आहे, आणि ते सरावानेच येतं.

या सरावात काय असावं? बसून बोलणं. फोन दुसऱ्याकडे देऊन येणं. ‘तुम्हाला आतापर्यंत काय काय समजलंय?’ असं आधी विचारणं. मुख्य वाक्य छोटं ठेवणं, आणि ते उच्चारल्यावर गप्प राहणं. हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड. तरुण डॉक्टर ती शांतता प्लेटलेट्सच्या आकड्यांनी भरून काढू पाहतो. ‘सगळं करायचं का, सांगा’ असा प्रश्न टाकून निर्णयाचा सगळा भार आईवडिलांवर ढकलायचा नाही. कुठलेही आईवडील ‘नको’ कसं म्हणतील? त्यांच्या दृष्टीने आता सगळ्यांत महत्त्वाचं काय, हे ऐकून घ्यायचं, मग डॉक्टर म्हणून आपला सल्ला स्पष्ट द्यायचा, आणि त्याची जबाबदारी आपणही घ्यायची. ‘आता आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य तर बोलूच नये, कारण ते खरं नाही. वेदना, धाप, झटके, भीती या सगळ्यांवर करण्यासारखं खूप असतं. अभिनेत्यांसोबत असे प्रसंग उभे करून सराव करता येतो. तो कृत्रिम असतो, मान्य. सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर दाब देणं, आपण पुतळ्यावरच शिकतो, आणि तेव्हा कुणी कृत्रिमपणाची तक्रार करत नाही.

मुलाशी काय बोलायचं, हा सर्वांत नाजूक भाग, आणि इथे शिकवणारेसुद्धा गडबडतात. मुलाला काही कळत नाही, कळू द्यायचंही नाही, असं बहुतेक घरांत ठरतं. मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉण्ड-लँगनर यांनी १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांसोबत इस्पितळात दीर्घ काळ घालवला. कुणीही न सांगता त्या मुलांना आपण मरणार आहोत हे कळलेलं होतं. तीच मुलं मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून माहीत नसल्याचं सोंग घेत होती. पाच-सहा वर्षांचं मूल आईला सांभाळून घेतंय, हे मनात आणलं की पोटात तुटतं. स्वीडनमध्ये उल्रिका क्राइकबर्ग्स यांनी कॅन्सरने मूल गमावलेल्या पालकांना विचारलं (२००४). मृत्यूविषयी मुलाशी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पस्तावा नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी २७ टक्क्यांना होता. आणि मुलाला कळलंय असं ज्यांना जाणवलं होतं पण जे बोलले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ४७ टक्क्यांवर गेलं. यावरून प्रत्येक मुलाला सगळं सांगून टाका असा नियम काढणं चूक ठरेल. न बोललेल्यांपैकीही बहुतेकांना पस्तावा नव्हताच. तरुण डॉक्टरला शिकवायचं ते इतकंच: पालकांना धारेवर न धरता त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचार, मूल काही विचारेल तेव्हा आधी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारून त्याला किती हवंय ते ओळख. आणि थेट प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नकोस. भावंडांचंही तेच. आपण चिडून काही बोललो म्हणून ताई आजारी पडली, असं लहान भावाला वाटत असतं. त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

हे सगळं अभ्यासक्रमात घातलं तरी एक अडचण उरेल, आणि तिच्याबद्दल शिकवणाऱ्या आम्हा लोकांशीच बोललं पाहिजे. विद्यार्थी व्याख्यानापेक्षा राउंडवरून शिकतो. ज्या खाटेपाशी राउंड एरवी दहा मिनिटं थांबायचा, त्याच खाटेवरचं मूल बरं होणार नाही असं ठरल्यावर राउंड तिथून न थांबता पुढे सरकतो. हे रेसिडेंट पाहत असतो. ‘आता इथे वैद्यकीय असं काही राहिलं नाही’ हा धडा त्याला कुणी तोंडाने दिलेला नसतो, पण तो पक्का शिकतो. त्यामुळे माझी पहिली मागणी वरिष्ठांकडून आहे. अशा मुलाच्या खाटेपाशी रोज थांबा, वेदना किती हे ब्लडप्रेशरइतक्याच गांभीर्याने विचारा, आणि अवघड बोलणं करायला जाताना रेसिडेंटला सोबत घ्या. आधी दोन मिनिटं सांगा, मी असं बोलणार आहे. नंतर विचारा, तुला काय दिसलं? पुढच्या वेळी तो बोलेल, तुम्ही शेजारी बसा. मूल गेल्यानंतर सगळ्यांना एकत्र बसवून पंधरा मिनिटं बोला, परिचारिका आणि वॉर्डमधले मावशी-मामा यांनाही बोलवा. रेसिडेंट रडला तर त्याला कमकुवत ठरवू नका. पुढची भरती दारात असताना त्याने डोळे पुसून लगेच कामाला लागावं, ही अपेक्षा माणसांना आतून विझवते, आणि विझलेली माणसं पुढच्या मुलाच्या काही कामाची राहत नाहीत.

यावर काही आक्षेप येतात. अनुभवाने येतंच की, असं जुनी मंडळी म्हणतात. अनुभवाने सवय होते. चुकीची पद्धत वीस वर्षं वापरली तर चुकीचीच सवय पक्की होते. दुसरा आक्षेप असा की हे काम वेदनाशमन-तज्ज्ञांचं आहे. तज्ज्ञ हवेतच, गुंतागुंतीच्या वेळी त्यांच्याशिवाय चालत नाही. पण ते दिवसा येतात, मुलाला धाप रात्री अडीचला लागते, आणि त्या वेळी जागा असतो तो रेसिडेंट. जगातल्या बहुतेक इस्पितळांत मुलांसाठी असा तज्ज्ञ मुळात नाहीच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार वर्षाला सुमारे २५ लाख मुलं गंभीर यातना भोगत मरतात, आणि त्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. तिथे प्रत्येक साध्या डॉक्टरला आणि परिचारिकेला हे यावं लागेल.

तिसरा आक्षेप मला खरोखर विचारात घ्यावासा वाटतो: इतक्या खासगी क्षणी शिकाऊ माणूस तिथे कशाला? आईवडिलांना विचारलंच पाहिजे, आणि त्यांनी नको म्हटलं तर तिथून निघालंच पाहिजे. परंतु शिकाऊ डॉक्टर त्या खोलीत जातोच. आज तो एकटा जातो. प्रश्न फक्त एवढाच की त्याच्याबरोबर कुणी जाणतं असावं की नसावं. आणि मूल गमावलेल्या पालकांपैकी काहींना, पुरेसा काळ गेल्यानंतर, स्वतःहून शिकवायला यावंसं वाटतं. त्यांना वर्गात बोलवा. कोणत्या डॉक्टरच्या कोणत्या वाक्याने आधार मिळाला आणि कोणतं वाक्य अजून सलतं, हे ते सांगतात तेव्हा वर्गात कुणी मोबाइल बघत नाही.

ज्यांना वाटतं की हे शिकवल्याने डॉक्टर लवकर हात टेकतील, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची जुनी भूमिका पाहावी. मुलांची उपशामक काळजी, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी (पॅलिएटिव्ह केअर), निदान झाल्या दिवसापासून सुरू होते आणि आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालूच राहते. केमोथेरपी आणि मॉर्फिन एकाच मुलाला एकाच आठवड्यात देता येतात.

कागदोपत्री हे सगळं केव्हाच मान्य झालं आहे. जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, २०१४ च्या ठरावात वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणात हे प्रशिक्षण नेहमीचा भाग व्हावं, आणि गंभीर आजारी मुलांबरोबर काम करणाऱ्यांना त्यापुढचं प्रशिक्षण मिळावं, असं सर्व देशांना सांगितलं. तरीही मुलं नेहमी मागे राहतात. सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये आधुनिक हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था, उभारलं १९६७ मध्ये. मुलांसाठीचं पहिलं हॉस्पिस, ऑक्सफर्डचं हेलन हाऊस, सुरू व्हायला १९८२ उजाडलं.

विद्यार्थी तेच वाचतात जे परीक्षेत येतं, त्यामुळे बदल तिथूनच सुरू करावा. बालरोगतज्ज्ञाच्या अंतिम परीक्षेत एक प्रसंग सक्तीचा करा: समोर आईची भूमिका करणारी अभिनेत्री, बाजूला मुलाचं वजन आणि लक्षणं लिहिलेला कागद, आणि काम दोन, डोस लिहिणं व तिच्याशी बोलणं. यात नापास झालेला पुन्हा बसेल, जसा न्यूमोनिया न ओळखणारा बसतो. लॉगबुकात रकाना वाढवा: असं बोलणं किती वेळा पाहिलं, किती वेळा सोबतीने केलं, कुणाची सही. आणि ती सही होईपर्यंत कुठल्याही रेसिडेंटला हे काम एकट्याने करायला पाठवायचं नाही, असा लेखी नियम प्रत्येक विभागाने करावा. त्यासाठी रात्री वरिष्ठाला उठावं लागेल. पोट फाटलेलं मूल आलं तर सर्जन उठतो, इथेही उठावं.